'इत्यादी'तला छंद

चामड्याच्या कामाची पेटी पंधरा-वीस वर्षांनी माळ्यावरून खाली उतरली, की आधी वास येतो. कोंदट, जुना, किंचित मेणाचा. मग एकेक वस्तू हाताला लागते. रापीच्या पात्यावर गंज चढलेला असतो, आरीचे टोक बोथट झालेले असते आणि मेणदोरा नुसता ओढला तरी तुटतो. तळाशी घडी घालून ठेवलेला चामड्याचा तुकडा उघडायला जावे, तर तो घडीवरच तडकतो. बुलढाणा जिल्ह्याचे हवामान या बाबतीत दोन्हीकडून मारते. घाटावर पावसाळाभर ओल, म्हणजे बुरशी. घाटाखाली खामगाव-मलकापूरकडे मे महिन्यात असे ऊन, की चामड्याचा पापड होतो.

गंज घासून जातो, धार पुन्हा लावता येते. तडकलेले चामडे मात्र तेल चोळून मऊ झाले तरी सांधत नाही. ते बाजूला टाकून नवा तुकडा आणावा लागतो, आणि परतलेल्या माणसाची खरी परीक्षा तिथून सुरू होते.

दोन सुयांच्या शिलाईचेच पाहा. एकच दोरा, त्याच्या दोन्ही टोकांना एकेक सुई. आरीने पाडलेल्या एकाच भोकातून एक सुई उजवीकडून जाते, दुसरी डावीकडून, आणि मग दोन्ही हात एकाच वेळी बाहेर ओढायचे. खोगीर शिवणारे कारागीर याच शिलाईवर विसंबत आले. मशीनच्या शिलाईत वरचा आणि खालचा दोरा एकमेकांत अडकलेला असतो. एक टाका तुटला की ओळ उसवत जाते. हाताच्या शिलाईत एक टाका झिजला तरी शेजारचे टाके धरून राहतात. पूर्वी हे काम केलेल्या माणसाला क्रम आठवतो, बोटेही आपोआप वळतात. पण चाळिशी लागलेल्या डोळ्यांना काळ्या चामड्यातले काळे भोक दिसत नाही. दहा टाके सरळ जातात, अकरावा तिरका. संध्याकाळपर्यंत हाती लागते ती किल्ल्या अडकवायची एक वाकडी पट्टी, आणि तरीही ती दहा जणांना दाखवली जाते.

कुणी हे काम शाळेत कार्यानुभवाच्या तासाला शिकलेला असतो, कुणी आजोबांच्या शेजारी बसून. आता व्हिडिओ बघून हुरूप येतो, अवजारे आणि चामडे घरपोच मिळते. नोकरी सुटल्यावर किंवा मुले शिकायला बाहेरगावी गेल्यावर हात रिकामे असतातच. छंद म्हणून हे सारे चांगलेच आहे. पण शाळेत शिकलेला आणि आजोबांकडे शिकलेला, या दोघांचे परतणे एकसारखे नाही. बुलढाण्यात हे बोलून टाकायला हवे.

देऊळगाव राजा तालुक्यातले मेहुणा राजा हे संत चोखामेळ्यांचे जन्मगाव मानले जाते. मेलेली गुरे ओढणे हे ज्यांच्या गळ्यात गावाने बांधलेले काम होते, त्यांच्यातले ते संत. खुद्द विठोबाने चोखोबांसोबत गुरे ओढली, असे वारकरी परंपरा सांगते. देवाने हात लावला. गावाने लावला नाही. मेलेले जनावर गावाबाहेर नेणे, कातडे सोलणे, ते कमावणे, त्याचे जोडे आणि मोटा शिवणे, यातली प्रत्येक पायरी जातीने वाटून दिलेली होती. विहिरीवरच्या मोटेचे पाणी साऱ्या गावाला चालायचे, मोट शिवणाऱ्याचा स्पर्श चालत नव्हता. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत मेलेली गुरे ओढण्याचे काम सोडून देण्याचा ठराव झाला, तो याच अपमानाला उत्तर म्हणून.

त्यामुळे काही घरांत ही पेटी माळ्यावर गेली ती कंटाळ्याने नव्हे. मुलगा मास्तर झाला, मुलगी नर्स झाली, म्हणून ती गेली. तो त्या घरातला चांगला दिवस होता. आज त्याच घरातला नातू हौसेने रापीला धार लावू लागला आणि आजीच्या कपाळाला आठी पडली, तर त्या आठीमागे चांगलेच कारण आहे. कालपर्यंत जातीचे नाव शिवीसारखे वापरणाऱ्या समाजाने आज त्या कामाला 'क्राफ्ट' म्हणावे आणि तिने लगेच टाळ्या वाजवाव्यात, ही अपेक्षा जास्तच झाली.

मग हा छंद पेटीतच ठेवावा का? तसे नाही. ज्यांच्यावर हे काम कधीच लादले गेले नव्हते, त्यांनी ते हौसेने शिकल्याची मोठी उदाहरणे आहेत. सर्वांत ठळक उदाहरण एका बॅरिस्टरचे, गांधीजींचे. दक्षिण आफ्रिकेतले त्यांचे मित्र हर्मन कॅलनबाख हे व्यवसायाने वास्तुरचनाकार. त्यांनी डरबनजवळच्या मारियनहिल मठात सपाता बनवायचे शिकून घेतले आणि १९१० मध्ये उभ्या राहिलेल्या टॉलस्टॉय फार्मवर ते काम गांधीजींना शिकवले. १९११ च्या एका पत्रात गांधीजी सांगतात, की सध्या आपला वेळ सपाता करण्यात जातो आणि पंधराएक जोड झालेही आहेत. तुरुंगात असताना त्यांनी एक जोड जनरल स्मट्ससाठी बनवला; ज्या सरकारने त्यांना कैदेत टाकले, त्याच सरकारातल्या मंत्र्यासाठी. स्मट्सने तो अनेक उन्हाळे वापरला आणि १९३९ मध्ये, गांधीजींच्या सत्तराव्या वाढदिवसाच्या निमित्ताने, परत पाठवला.

पुढे गांधीजी वर्ध्याला आले आणि चामड्याचा विषय पुन्हा निघाला. वर्ध्याजवळ नालवाडीला चर्मालय उभे राहिले. गोपाळराव वाळुंजकरांनी ते चालवले आणि नैसर्गिकरीत्या मेलेल्या जनावरांचे कातडे तिथे कमावले जाऊ लागले. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्यालाच शिक्षण परिषद भरली. तिच्यानंतर झाकिर हुसेन समितीने जो अभ्यासक्रम आखला, त्यात सूतकताई, सुतारकाम, शेती, बागकाम यांच्या ओळीत चर्मकामही होते. वर्धा आणि बुलढाणा तेव्हा एकाच प्रांतात, मध्य प्रांत-वऱ्हाडात. कुठल्याही जातीच्या मुलाने शाळेत बसून चामडे कापावे आणि शिवावे, हा विचार या मातीत नव्वद वर्षांपूर्वी कागदावर उतरला होता.

अर्थात, गांधीजींच्या या वाटेवर डॉ. आंबेडकरांचा आक्षेप होता आणि तो आजही खोडून काढता येत नाही. अस्पृश्यांच्या वाट्याला आलेल्या कामाचे गोडवे गायचे आणि त्यांनाच त्या कामात अडकवून ठेवायचे, याला त्यांनी फसवणूक मानले. छंद म्हणून चामड्याकडे येणाऱ्याने हा आक्षेप गाठीशी बांधूनच बसावे. काम थोर आहे असे म्हणायचे असेल, तर ते कुणीही करावे आणि करणाऱ्याला त्याचा पुरेसा दाम मिळावा, एवढे तरी व्हायला हवे.

दामाचा मुद्दा अलीकडेच जगापुढे आला. जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन कंपनीने मिलानच्या फॅशन शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या आणि कोल्हापूरचे नावच घेतले नाही. ओरड झाल्यावर कंपनीने या चपलांचे मूळ मान्य केले. डिसेंबरमध्ये महाराष्ट्र आणि कर्नाटकच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार झाला: २ हजार जोड भारतात बनवायचे, किंमत सुमारे ८०० युरो. कारागिरांच्या बाजूने हे भांडण लढता आले, कारण कोल्हापुरीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेले होते. त्यात महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकचे चार असे आठ जिल्हे आहेत. बुलढाणा त्यात नाही. वऱ्हाडातल्या जोड्याला ना मानांकन आहे, ना कुणी त्याची नक्कल करतो.

इथला कारागीर भेटतो तो बाजाराच्या कोपऱ्यात, छत्रीखाली. नवे जोडे शिवून घ्यायला त्याच्याकडे क्वचितच कुणी येते. दिवस जातो तो तळवे चिकटवण्यात, पट्टे टाचण्यात आणि शाळेच्या दप्तरांच्या चेन बदलण्यात. त्याची आरी जरा नीट पाहावी. टोकाशी बारीक खाच असते. आरी वरून आत जाते, खालच्या हाताने दोरा खाचेत अडकवला जातो, आरी मागे येताना दोऱ्याचा फास घेऊनच वर येते. एका टाक्याला डोळ्याची पापणी लवेल एवढाच वेळ. दोन सुयांची शिलाई व्हिडिओ बघून जमते. खाचेच्या आरीचा हा वेग शेजारी बसल्याशिवाय कळायचा नाही.

इथे छंदिष्टांचे चुकते. परदेशी अवजारे मागवणारा गृहस्थ चप्पल शिवून घेताना दहा रुपयांसाठी घासाघीस करतो. त्याने हीच घासाघीस उलटी करावी. आठवड्यातले दोन तास ठरवून, शिकवणीची फी मोजून, त्या छत्रीखाली बसावे. चामड्याचे पहिले धडेही तिथेच मिळतील. क्रोमने कमावलेले चामडे मऊ आणि स्वस्त असते, पण त्यावर नक्षी ठोकली तर ठसा टिकत नाही. साल-फळांच्या रसात कमावलेले चामडे ओले करून ठोकले की ठसा घेते आणि वापराने त्याचा रंग गडद होत जातो. असे कमावायला बाभळीची साल आणि हिरडा लागतो, आणि वऱ्हाडात बाभूळ बांधाबांधावर आहे. मार्च २०१५ पासून राज्यात गाईबरोबर बैल आणि वळूच्या कत्तलीवरही बंदी आहे, म्हशीवर नाही. म्हणून हातातले चामडे कशाचे आणि कुठून आले, हे विचारून घेणेही आलेच.

आणि पहिली वस्तू पाकीटच कशाला हवे? पोळ्याला बैलाच्या गळ्यात घालायचा घुंगरांचा पट्टा करून पाहावा. रुंद पट्टी कापायची, कडा घासून गुळगुळीत करायच्या, सारख्या अंतरावर भोके पाडायची, पितळी घुंगरे वादीने आवळायची, शेवटी बक्कल बसवायचे. मापणे, कापणे, टोचणे, ओवणे, सारे त्यात येते. चूक झाली तर बैल तक्रार करत नाही. मान हलवली की पट्टा नीट बसला की नाही हे मात्र ऐकू येते. घरी बैल नसला तर शेजारच्याचा असतो, निदान अजून तरी.

सरकारी पातळीवर या कामाला अगदीच जागा नाही असे नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेतल्या १८ व्यवसायांत चर्मकार आहेत. प्रशिक्षण आणि अवजारांसाठी १५ हजार रुपये मिळतात. पण ही सोय पोटासाठी काम करणाऱ्याची. बाकीच्यांची मुले त्या कामाला हात कधी लावणार?

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दप्तराविना दहा दिवस सुचवले आहेत. त्या दिवसांत मुलांनी स्थानिक कारागिरांकडे काम शिकायचे आहे. धोरणात नावे आहेत ती सुतार, माळी, कुंभार आणि कलाकार यांची, पुढे 'इत्यादी'. १९३७ च्या यादीत असलेले चर्मकाम २०२० च्या यादीत 'इत्यादी'त गेले.

जिल्ह्यातल्या तेराही तालुक्यांत मुख्याध्यापकांना हा 'इत्यादी' उघडता येईल. त्यासाठी वेगळ्या आदेशाची वाट पाहायची गरज नाही. दहांपैकी एक दिवस चामड्याला द्यावा. बाजारातल्या कारागिराला आदल्या आठवड्यात जाऊन बोलवावे. त्याची दिवसाची कमाई बुडणार आहे, तेव्हा मानधन आधी ठरवावे आणि त्याच दिवशी हातात द्यावे. वर्गातल्या प्रत्येक मुलाने, जात-आडनाव न पाहता, एक पट्टी कापून शिवावी. ज्यांच्या पेट्या नुकत्याच माळ्यावरून उतरल्या आहेत, त्यांनी मदतीला जावे. आणि मधल्या सुट्टीत कारागिराचा चहा मुख्याध्यापकांच्या खोलीत, त्यांच्याच कपबशांतून व्हावा.