आमचे मत कोण मोजणार?

निवडणूक आटोपली की वर्तमानपत्रांत ठरीव वाक्य येते: बौद्धांची मते अमक्या पक्षाकडे वळली. मुठ्याच्या वस्तीत येऊन हे कोणी विचारले, याचा खुलासा मात्र कोठेही नसतो. मुळशी ज्या भोर मतदारसंघात मोडते तो राखीव नाही. तेथे आमच्या थोडक्या घरांचे मत गृहीतच धरले जाते. बंधुभगिनींनो, ज्याला कोणी विचारीत नाही त्याच्या वतीने दुसरेच बोलू लागतात.

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी ही गोष्ट फार पूर्वी ओळखली. डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांनी १८९६-९७ साली फिलाडेल्फियाच्या सातव्या वॉर्डात दारोदार फिरून चौकशी केली व १८९९ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. याच डुबॉइसना १९४६ साली पूज्य बाबासाहेबांनी पत्र लिहून, कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागविल्या होत्या. पुढे हेन्स वॉल्टन यांनी हयातभर याच विषयाचे अध्यापन व संशोधन केले. कृष्णवर्णीयांच्या राजकीय वर्तनावरील त्यांचा ग्रंथ १९८५ सालचा. मतदाराच्या अज्ञानाकडे बोट दाखविण्यापूर्वी त्याला अडविणारे कायदे व संस्था तपासा, असे त्यांनी पंडितांस सुनावले. ते सुनावणे आवश्यकच होते.

सर्वसाधारण पाहणीत कृष्णवर्णीय इतके थोडे येत, की त्यांच्यातील भेद दिसतच नसत. म्हणून १९८४ साली मिशिगन विद्यापीठातून त्यांचीच स्वतंत्र निवडणूक पाहणी झाली. तिच्या आधारे मायकेल डॉसन यांनी १९९४ साली दाखविले की, नोकरी व पैसा मिळालेला कृष्णवर्णीय माणूसही मत देताना आपले भवितव्य समाजाच्या भवितव्याशी जोडलेले मानतो. आमच्याकडे काय घडते? पिंपरीच्या कारखान्यात स्थिरावलेला मुलगा आणि गावी भातखाचरात राबणारी त्याची आई एकाच विचाराने मत देतात काय? महाराष्ट्रात २०११ च्या जनगणनेत पासष्ट लाखांवर बौद्ध नोंदले गेले. एवढ्या मोठ्या समाजाविषयी हा प्रश्न स्वतंत्रपणे विचारण्याजोगा आहे.

आमच्यावर ग्रंथ झाले नाहीत असे नव्हे. एलिनॉर झेलियट या अमेरिकन विदुषींनी १९६९ साली आंबेडकरी चळवळीवर प्रबंध पुरा केला. त्यांचे ऋण मोठे आहे. मुळशीच्या सत्याग्रहावर राजेंद्र व्होरा या राज्यशास्त्रज्ञांनी लिहिले. (धरणाचा इतिहास अभ्यासला गेला, तसा वस्तीचा विचारही अभ्यासला जावा, एवढेच आमचे मागणे.) परंतु सिद्धांत मांडणारे एक आणि माहिती पुरविणारे दुसरे, ही विद्यापीठांतील विभागणी म्हणजे जातीचीच छाया होय, हा गोपाळ गुरू यांचा २००२ सालचा आक्षेप आजही टोचतो.

तेव्हा पदवीधर मुलांपैकी एखाद्याने तरी राज्यशास्त्र व संख्याशास्त्र घ्यावे. घरच्यांनी "त्यात नोकरी कोठे?" म्हणून त्याला परावृत्त करू नये. आणि पाहणीवाला गावात आला, तर चावडीवर चार पुढाऱ्यांसमोर उत्तर देऊ नका. त्याला घरी बोलवा, आणि घरातील स्त्रीलाही एकटीला विचारावयास सांगा.