गादी आणि सीट

कामशेतच्या बाजारपेठेत धान्याचे दुकान असलेल्या एका गृहस्थांनी वयाच्या 58 व्या वर्षी गिअरची सायकल घेतली. रक्तातील साखर वाढली होती. गुडघ्यांमुळे फार चालणे होत नव्हते. सायकलवर गुडघ्यांवर शरीराचा भार पडत नाही, म्हणून डॉक्टरांनी तो मार्ग सुचविला. पहिल्या रविवारी ते पहाटे पवनानगरच्या रस्त्याला लागले. बेडसे लेण्यांचा डोंगर मागे पडला, धरणाचे पाणी दिसले, मन प्रसन्न झाले. परतताना मात्र सीटवर बसवेना. शेवटचे काही अंतर त्यांनी सायकल हातात धरून कापले.

दुसऱ्या आठवड्यात त्यांनी सीटवर घालायचे जाडजूड जेल कव्हर आणले. त्याने दुखणे थोडे कमी झाले. पण एक नवाच त्रास सुरू झाला. अर्ध्या तासात मांड्यांमधला भाग बधिर होऊ लागला. ही गोष्ट घरात कोणाला सांगावी, हे त्यांना कळेना. तिसऱ्या आठवड्यानंतर सायकल गोदामात पोत्यांच्या आड गेली. कोणी विचारले तर "सीझन आहे, वेळ मिळत नाही" एवढेच उत्तर मिळे. साखर होती तेथेच राहिली.

ज्या माणसाची चाळीस वर्षे पेढीच्या गादीवर गेली, त्याला वीतभर सीटवर तासभर बसता येऊ नये, याचे त्यांना स्वतःलाही नवल वाटत होते. परंतु या दोन बैठकी मुळातच वेगळ्या आहेत. गादीवर मांडी घातली की शरीराचा भार मांड्या आणि पार्श्वभाग यांवर पसरतो. पाठीला लोड असतो आणि मनात येईल तेव्हा माणूस कूस बदलतो. सायकलवर पाय सतत फिरत असतात, त्यामुळे मांड्यांना भार घेता येत नाही. तो भार कटीच्या हाडांच्या खालच्या दोन टोकांवर येतो. कठीण पाटावर बसले असता जी दोन टोके टोचतात, तीच ही बैठकीची हाडे.

निसर्गाने ही हाडे भार सोसण्यासाठीच दिली आहेत. त्यांच्या मधला भाग मात्र नाजूक असतो. तेथून मज्जातंतू आणि रक्तवाहिन्या जातात. सीट अरुंद असली की हाडे तिच्या कडेवरून घसरतात आणि सारा भार मधल्या भागावर येतो. अतिमऊ सीटवरही हेच घडते. हाडे मऊ थरात रुततात, त्यांच्या मधला थर वर येतो आणि नको तेथे दाब देतो. जेल कव्हर घातल्यावर बधिरपणा का आला, याचे उत्तर येथे आहे.

हा प्रश्न सायकलइतकाच जुना आहे. दोन समान चाकांची आणि साखळीची आधुनिक सायकल 1885 च्या सुमारास इंग्लंडमध्ये रूढ होऊ लागली आणि पुढच्याच दशकात मधल्या भागावर दाब येऊ न देणाऱ्या सीटचे नाना प्रकार बाजारात आले. त्यांपैकी अमेरिकेतील 'क्रिस्टी' सीटच्या जाहिरातीत कटीच्या हाडांचे चित्रच छापलेले असे. अलीकडे, 2008 मध्ये, अमेरिकेतील सरकारी संशोधन संस्थेने सायकलवरून गस्त घालणाऱ्या 90 पोलिसांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पुढचे टोक नसलेली सीट सहा महिने वापरल्यावर त्यांच्यातील बधिरपणाच्या तक्रारी पुष्कळ घटल्या. तात्पर्य, बधिरपणा हा वयाचा दोष नव्हे आणि लपविण्याची बाबही नव्हे. त्याचे कारण बहुधा सीटमध्ये असते आणि ते दूर करता येते.

कामशेतच्या गृहस्थांची अडचण अखेर त्यांच्या पत्नीच्या लक्षात आली आणि तिने ती मुलाच्या कानावर घातली. एका संध्याकाळी दुकान बंद झाल्यावर मुलाने बिस्किटांच्या खोक्याचा पन्हाळीदार पुठ्ठा कापून दगडी पायरीवर ठेवला. "पप्पा, जरा यावर बसा, पुढे वाका आणि टाचा उचला." मिनिटभराने ते उठले तेव्हा पुठ्ठ्यावर दोन खळगे उमटले होते. दोन्हींच्या मध्यबिंदूंमधले अंतर पट्टीने मोजले. ते 128 मिलिमीटर भरले. सायकलची सीट मागे 140 मिलिमीटर रुंद होती. सीटच्या कडा खाली उतरत्या असल्याने दोन्ही हाडे जेमतेम काठावर टेकत होती. गिऱ्हाइकाला कधी न तोलता माल न देणाऱ्या माणसाने स्वतःची बैठक मात्र न मोजताच विकत घेतली होती.

या मापाचा ठोकळ हिशेब सोपा आहे. खळग्यांमधल्या अंतरात सुमारे 20 मिलिमीटर मिळवावेत. ताठ बसून चालविणाऱ्याने त्याहून थोडे अधिक धरावे, खूप वाकून चालविणाऱ्याने थोडे कमी. हे अंतर माणसाच्या लठ्ठपणावर अवलंबून नसते. किडकिडीत माणसाला रुंद सीट लागू शकते आणि स्थूल माणसाला अरुंद. स्त्रियांमध्ये ते सरासरीने अधिक असते. त्यामुळे एकाच सायकलवर घरातील सर्वांची सोय होईलच, असे नाही.

जुन्या महामार्गावरून लोणावळ्याकडे जाणारे तरुण सायकलस्वार पाहून अनेकांना त्यांच्यासारखी टणक, निमुळती सीट हवीशी वाटते. याच मार्गावरील मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट प्रथम चढणाऱ्याला 'घाटाचा राजा' म्हणून गौरविले जाते. परंतु शर्यतीत स्वार हँडलवर ओणवा असतो. त्याची कटी पुढे कललेली असते आणि शरीराचा काही भार हातांवर व पायांवर जातो. त्याला शोभणारी सीट आरामात ताठ बसून कार्ल्यापर्यंत जाऊन येणाऱ्याला शिक्षाच ठरते.

योग्य सीट आणल्यावरही ती नीट बसवावी लागते. प्रथम उंची. पेडल सर्वांत खाली असताना त्यावर टाच ठेवली तर गुडघा सरळ व्हावा. म्हणजे पायाच्या पुढच्या भागाने पेडल मारताना गुडघ्यात किंचित वाक राहतो. सीट फार उंच असेल तर कंबर दोन्ही बाजूंना डुलते आणि त्वचा घासते. नंतर उतार. सीट पाणपातळीने सपाट करावी. पुढचे टोक वर असेल तर मधल्या भागावर दाब येतो. फार खाली असेल तर शरीर पुढे घसरते आणि मनगटे दुखतात. शेवटी सीट पुढे-मागे सरकवून पाहावी. एका वेळी एकच बदल करावा आणि तो वहीत लिहून ठेवावा. घरातील दोघे एकच सायकल वापरत असतील तर आपापल्या उंचीची खूण सीटच्या दांड्यावर करावी.

कपड्यांकडेही लक्ष हवे. जाड शिवणीची पँट त्वचेला घासते. सायकलसाठी मिळणारी अस्तराची चड्डी आत दुसरे वस्त्र न घालता वापरावी आणि रोज धुवावी. मावळच्या पावसात ओले कपडे घालून दूर जाणे टाळावे. मधुमेह असलेल्यांनी साध्या पुळीकडेही दुर्लक्ष करू नये.

सीट निवडताना जैन घरांत आणखी एक प्रश्न उभा राहतो. इंग्लंडच्या बर्मिंगहॅममध्ये 1866 मध्ये सुरू झालेल्या ब्रुक्स कंपनीच्या चामडी सीटची कीर्ती मोठी आहे. ताणलेले चामडे वापरता वापरता स्वाराच्या हाडांप्रमाणे आकार घेते, हा तिचा गुण. ज्यांना चामडे वर्ज्य आहे त्यांनी त्यापायी हळहळण्याचे कारण नाही. त्याच कंपनीने 2013 पासून रबर आणि सुती कापडाच्या सीट आणल्या आहेत आणि कृत्रिम आवरणाच्या सीट तर सर्वत्र मिळतात. मात्र नुसते दिसण्यावर जाऊ नये. आवरण कशाचे आहे, हे दुकानदाराला स्पष्ट विचारावे. किंमत आणि सुख यांचा येथे फारसा संबंध नाही. आपल्या मापाची साधी सीट परक्या मापाच्या महागड्या सीटपेक्षा केव्हाही बरी.

कामशेतच्या गृहस्थांनी 155 मिलिमीटरची, मध्ये खाच असलेली, बेताच्या मऊपणाची सीट बसविली. पहिले आठ दिवस हाडांवर थोडे ठणकले. नव्या सीटवर तेवढे होतेच आणि सवयीने जाते. बधिरपणाचे मात्र तसे नाही. तो सोसून जात नसतो. तो आला की थांबून सीट तपासावी. सायकलवरून उतरल्यानंतरही तो टिकला किंवा लघवीला त्रास झाला, तर संकोच न करता डॉक्टरांना सांगावे. त्यांना तशी वेळ आली नाही. आता ते आठवड्यातून चार दिवस दुकान उघडण्यापूर्वी तासभर सायकल चालवितात. साखरेचा पुढचा तपास व्हायचा आहे. पण सायकल गोदामातून बाहेर आली आहे.

त्या पुठ्ठ्याचा तुकडा त्यांनी फेकला नाही. त्यावर तारीख आणि आकडा लिहून तो खतावणीच्या कपाटात ठेवला आहे. पेढीची गादी वडिलांकडून चालत येते. सायकलची सीट मात्र ज्याची त्यानेच मोजून घ्यावी लागते.