जर्नल मुलीचं, मशीन कुणाचं?

मैत्रिणींनो, घरात डिप्लोमा किंवा इंजिनीअरिंग करणारी लेक असेल तर तिला एकदा विचारून पाहा, ‘प्रॅक्टिकलला तू नेमकं काय करतेस गं?’ पुष्कळदा उत्तर येतं, ‘रीडिंग लिहून घेते.’ एका सेटभोवती सात-आठ जण. बटणं फिरवायला मुलगे पुढे, आकडे टिपायला मुली. जर्नल सुरेख, अक्षर मोत्यासारखं; पण हात मात्र कोरडेच! नोकरीच्या मुलाखतीत मशीन समोर आलं की मग ती बावरते, आणि दोष तिच्या मुलगी असण्याला दिला जातो.

यावर एक चांगली वाट निघाली आहे. यंत्र प्रयोगशाळेतच राहतं, पण ते इंटरनेटला जोडलेलं असतं. आपली पाळी आली की लांबूनही ते चालवता येतं. अमेरिकेतल्या एमआयटीत १९९८ साली असा प्रयोग सुरू झाला. पुढे नायजेरिया, युगांडा, टांझानियातली विद्यापीठंही त्यात आली. आपल्याकडे आयआयटी मुंबईनं ‘सिंगल बोर्ड हीटर सिस्टिम’ नावाचा छोटा संच बनवला. एक पोलादी पट्टी, तिला तापवणारी तार, गार करणारा पंखा आणि तापमान मोजणारा सेन्सर, एवढंच. दूरच्या विद्यार्थ्यानं संगणकावरून आज्ञा दिली की तिकडे पट्टी खरोखर तापायची आणि इकडे पडद्यावर तिचं तापमान दिसायचं.

यात शिकायचं काय? गॅस बारीक केला तरी तवा लगेच निवत नाही, हे आपल्याला कुणी सांगायला नको. तो उशीर ओळखून उष्णता हवी तिथे धरून ठेवायची, हेच कारखान्यातल्या भट्टीचंही गणित असतं.

केंद्र सरकारच्या ‘व्हर्च्युअल लॅब्ज’ प्रकल्पात आयआयटींबरोबर पुण्याचं सीओईपीही आहे. मात्र तिथले बरेचसे प्रयोग म्हणजे संगणकावरची नक्कल. तयारीला त्या उत्तम. पण खरं यंत्र चुकतं, अडतं, ऐनवेळी रुसतं. ते नकलेत कुठून कळणार?

आणि लांबून चालवलेल्या यंत्रालाही मर्यादा आहेतच. पान्याची पकड, सोल्डरिंगचा हात, वायर जळाल्याचा वास हे इंटरनेटवरून येत नाही. म्हणून ‘ऑनलाइन सोय आहे ना’ असं म्हणून कॉलेजनं लॅबला कुलूप घालता कामा नये. घरी दहादा सराव करावा आणि मग लॅबमध्ये मुलीनं न घाबरता पुढे व्हावं, यासाठी ही सोय.

महाराष्ट्रात २०२४ पासून ठरावीक प्रवर्गांतल्या, वार्षिक आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ झाली. दार उघडलं, छानच झालं. पण आत गेल्यावर मशीनला हात लागतो की नाही, हे कोण बघणार? आपणच ना!

पालकसभेत हळदीकुंकवाइतक्याच हक्कानं विचारा : एका सेटवर किती जण? प्रत्येकीची पाळी लागते का? लॅब जादा वेळ उघडी ठेवाल का? आणि घरात? मोबाइल आधी भावाच्या हातात, आणि तिचा प्रयोग ऐन रंगात आला की ‘जरा पोळ्या लाटून दे गं’ अशी हाक. ही हाक तेवढा तासभर आवरू या. पोळ्या काय, त्या दिवशी भाऊही लाटेल!