सुट्टी कोणाच्या सणाची?

ईद-ए-मिलाद आणि अनंत चतुर्दशी २०२३ साली एकाच दिवशी, २८ सप्टेंबरला आली. मुंबईतल्या मुस्लिम समाजाच्या धुरिणांनी आपला जुलूस दुसऱ्या दिवशी काढायचं ठरवलं आणि राज्य सरकारने २९ तारखेलाही सुट्टी दिली. २०२४ मध्ये शहरातली ईदची सुट्टी १६ वरून १८ सप्टेंबरला गेली, २०२५ मध्ये ५ वरून ८ सप्टेंबरला. हे सण असे शेजारी येतात, कारण दोन्हींच्या तिथी चंद्रावर ठरतात; मात्र हिजरी वर्ष सौर वर्षाहून सुमारे अकरा दिवसांनी लहान असतं आणि हिंदू पंचांग ती तूट अधिक महिन्याने भरून काढतं. म्हणून काही वर्षं सोबत चालून ते पुन्हा दुरावतात. अनंत चतुर्दशीच्या गणपती विसर्जनाच्या गर्दीला रस्ता मोकळा राहावा म्हणून एका समाजाने सलग तीन वर्षं आपला आनंद पुढे ढकलला, हे मला फार मोठं वाटतं. अशा समजूतदारपणाची परतफेडही व्हायला हवी, आणि तीही प्रत्येक समाजाच्या सणाला. संख्येने अगदी छोट्या पारशी समाजाच्या नववर्षाला महाराष्ट्रात सार्वजनिक सुट्टी असते; पण त्या दिवशी ‘नवरोज मुबारक’ म्हणणारे किती? शाळांनी प्रत्येक सुट्टीच्या आदल्या दिवशी त्या सणाची गोष्ट मुलांना सांगावी, कार्यालयांनी ऐच्छिक सुट्टी खळखळ न करता द्यावी, आणि आपण शेजाऱ्याच्या सणाला त्याच्या घरी जावं. सुट्टी सरकार देतं. सण सगळ्यांचा करणं आपल्याच हाती आहे.