जहाजाचा रंग, माशांचा वंश

रे रोड स्टेशनजवळच्या दारुखान्यात जुनी जहाजे तोडण्याचे काम कित्येक दशके चालत आले आहे. तळाला शेवाळ-शिंपले चिकटू नयेत म्हणून जहाजांना पूर्वी ट्रायब्युटिल टिनचा रंग लावत. हे द्रव्य हार्मोन्सचा तोल बिघडवते. लिटरभर पाण्यात ग्रॅमचा अब्जावा भाग असला तरी काही समुद्री गोगलगायींच्या माद्यांना नराचे अवयव फुटतात, अंडी बाहेर पडण्याची वाटच बुजते. प्रयोगशाळेत अशा पाण्यात वाढवलेल्या झेब्रा माशांत नर जास्त निपजले. २००८ पासून या रंगावर आंतरराष्ट्रीय बंदी आहे. पण जुन्या रंगाचे पोपडे चिखलात गेले की विष वर्षानुवर्षे टिकते, आणि निवट्यांचे तर घरच चिखलात! पाण्यावरचा तेलाचा तवंग सर्वांना दिसतो. बंदर प्राधिकरणाने तिथला चिखलही नियमित तपासावा आणि खरवडलेला रंग पाण्यात पडू न देता गोळा करायला लावावा.