पवित्र तेल शेवटच्या श्वासासाठी राखून ठेवू नका



नोव्हेंबर महिना ख्रिस्तसभेने मृतांच्या स्मरणासाठी राखून ठेवला आहे. दोन तारखेला आपण कबरी स्वच्छ करतो, मेणबत्त्या लावतो, फुले वाहतो आणि आपल्या माणसांची नावे देऊन मिस्सा मागतो. आपल्या खानापूर-बेळगाव भागात भातकापणीचेही हेच दिवस. पिकलेले भात वेळेवर कापले नाही तर दाणा शेतातच झडतो, हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. परंतु भाताच्या बाबतीत जे आपल्याला उमजते, ते घरातल्या माणसाच्या अखेरच्या दिवसांत आपण विसरतो. म्हणून शेती व आरोग्याच्या या पानावर आज मरणाविषयी चार शब्द लिहीत आहे. विषय अशुभ समजून कोणी पान उलटू नये, ही विनंती.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे की, आपण आजाऱ्याची सेवा मनापासून करतो, पण त्याला मरणाची तयारी मात्र करू देत नाही.

धर्मगुरूला रात्री-अपरात्री निरोप येतो, “फादर, लवकर चला, घरघर लागली आहे.” जाऊन पाहावे तर आजारी माणूस कोणाला ओळखत नसतो. दुखणे सहा महिन्यांपूर्वीच कळलेले असते. मुलांना ठाऊक असते, भावकीला ठाऊक असते, शेजाऱ्यापाजाऱ्यांना ठाऊक असते. फक्त ज्याचे दुखणे त्यालाच ते सांगितलेले नसते. “आधी का बोलावले नाही?” असे विचारले तर उत्तर ठरलेले. “तुम्ही आलात म्हणजे आता आपले संपले, असे वाटून त्यांचा धीर सुटला असता.”

हा गैरसमज जुना आहे, आणि त्याला कारणही आहे. पूर्वी या संस्काराला ‘शेवटचा अभ्यंग’ म्हणत आणि लोक तो अगदी अखेरच्या घटकेला मागत. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली स्पष्ट केले की, हा संस्कार केवळ मरणाच्या दारात असलेल्यांसाठी नाही, आणि त्याला ‘आजाऱ्यांचा अभ्यंग’ म्हणणे अधिक योग्य. पुढे १९७२ साली पोप सहावे पॉल यांनी त्याचा नवा विधी ठरवून दिला. आता कपाळाला व हातांना तेल लावतात. ऑलिव्हचे तेल मिळणे कठीण असेल तेथे दुसरे वनस्पतिजन्य तेलही चालेल, अशी मोकळीक त्यांनी दिली. गंभीर दुखण्यात, मोठ्या शस्त्रक्रियेपूर्वी, वार्धक्याने शरीर खचले असता हा संस्कार घेता येतो. माणूस बरा होऊन पुन्हा गंभीर आजारी पडला, किंवा त्याच दुखण्यात प्रकृती अधिक बिघडली, तर तो पुन्हाही घेता येतो. प्रेषित याकोबाने आपल्या पत्रात सांगितले आहे ते हेच की, आजाऱ्याने ख्रिस्तसभेच्या वडिलांना बोलवावे. बोलावणे आजाऱ्याने करायचे आहे, म्हणजे तो शुद्धीवर आहे हे त्यात गृहीतच आहे.

आणखी एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. मरणोन्मुख ख्रिस्ती माणसाचा खरा अखेरचा संस्कार तेलाचा नसून भाकरीचा आहे. अखेरच्या प्रवासाला निघालेल्याला जे ख्रिस्तशरीर दिले जाते, त्याच्या मूळ लॅटिन नावाचा अर्थ ‘वाटेची शिदोरी’ असाच आहे. गावाला निघालेल्याच्या हाती भाकरी बांधून दिल्याशिवाय आपल्या आया त्याला उंबरठा ओलांडू देत नसत. मग एवढ्या लांबच्या वाटेला आपण बापाला रिकाम्या हाताने का पाठवावे? बेशुद्ध माणसाला तेल लावता येते. पण त्याला पापनिवेदन करता येत नाही, शिदोरी गिळता येत नाही, आणि दुरावलेल्या भावाचा हात हातात घेऊन “झाले गेले विसरून जा” असे म्हणता येत नाही.

२०२० आणि २०२१ साली कोरोनाच्या साथीत कित्येकांनी आपले माणूस इस्पितळाच्या दारात सोडले आणि नंतर ते त्यांना बांधलेल्या स्थितीतच पाहावे लागले. निरोप घेता आला नाही, हे दुःख त्या घरांत अजून ताजे आहे. तेव्हा मध्ये साथीची भिंत होती. आज साथ नसताना तीच भिंत आपण आपल्या हाताने का घालतो?

“पण धीर सुटेल” या म्हणण्याचा विचार केला पाहिजे. ते मायेपोटी निघालेले असते. माझा अनुभव असा की, आजाऱ्याला बहुधा आधीच कळलेले असते. स्वतःचे वाळलेले हातपाय तो रोज पाहतो. दाराआडची कुजबुज त्याला ऐकू येते. मग मुलांना वाईट वाटू नये म्हणून तो गप्प राहतो, आणि त्याला वाईट वाटू नये म्हणून मुले गप्प राहतात. एका घरात राहून दोघेही एकटे पडतात. सगळे एकदम सांगावे, दिवस मोजून सांगावेत, असे मी म्हणत नाही. दिवस तर डॉक्टरांनाही मोजता येत नाहीत. त्याने विचारले तर खोटे बोलू नये, आणि त्याने विचारावे एवढी सवड त्याच्याजवळ बसून द्यावी.

भीती वाटणे हा विश्वासाचा अभाव नव्हे. गेथशेमानी बागेत प्रभू येशूलाही मरणाची वेदना झाली. लाजराला आपण उठवणार हे ठाऊक असूनही त्याच्या कबरीपाशी तो रडला. आपण मात्र धीराच्या नावाखाली रडणेही बंद करतो. नोवेना करावी, नवस करावा, बरे वाटावे म्हणून जरूर प्रार्थना करावी. पण ख्रिस्ती आशा म्हणजे ‘हे दुखणे बरे होईलच’ ही खात्री नव्हे. दुखणे बरे झाले नाही तरी देव आपल्याला हातचे सोडणार नाही, ही ती आशा आहे.

आता खर्चाविषयी. बापासाठी काहीच कमी केले नाही हे दाखवण्यासाठी शेत गहाण टाकून अखेरचा आठवडा यंत्रावर काढायचा, हे काही देवाचे मागणे नाही. पोप बारावे पायस यांनी १९५७ साली सांगितले की, जीव जतन करण्यासाठी साधारण उपाय करणे हे कर्तव्य आहे. ज्याचा भार असह्य आणि उपयोग थोडा, असा असाधारण उपाय करण्याचे बंधन नाही. १९८० साली रोमहून निघालेल्या जाहीरनाम्यातही हीच शिकवण आहे. मात्र त्याच जाहीरनाम्यात हेही स्पष्ट आहे की, औषध देऊन मुद्दाम जीव घेणे कधीही योग्य नाही. पोप दुसरे जॉन पॉल यांनी ही शिकवण स्वतः आचरून दाखवली. ३१ मार्च २००५ रोजी प्रकृती एकाएकी ढासळली, तेव्हा ते पुन्हा इस्पितळात गेले नाहीत. त्याच दिवशी त्यांनी अभ्यंग घेतला आणि २ एप्रिलला आपल्या खोलीतच, प्रार्थनेच्या सोबतीत, देह ठेवला.

यंत्र नाकारणे म्हणजे सेवा नाकारणे नव्हे. खरी सेवा तेथूनच सुरू होते. घरच्यांनी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

१. वेदना सोसत राहणे ही काही आजाऱ्यावरची सक्ती नव्हे. कर्करोगाच्या तीव्र वेदनेवर मॉर्फिनच्या गोळ्या हा उत्तम उपाय आहे. डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे घेतल्यास व्यसनाची भीती फार थोडी असते. पोट घट्ट होते, म्हणून सोबत पोट साफ होण्याचे औषध मागून घ्यावे. १९८५ च्या कडक कायद्यामुळे हे औषध मिळणे अवघड झाले होते. २०१४ साली कायदा सैल केला, तरी ते सगळीकडे सहज मिळत नाही. म्हणून वेदना असह्य होण्याआधीच चौकशी करावी.

२. अंथरुणाला खिळलेल्याची कूस दर दोन तासांनी बदलावी. पाठ व टाचा रोज पाहाव्यात. चादरीला सुरकुती व ओल ठेवू नये.

३. अखेरच्या दिवसांत गिळता येत नसताना बळेच भरवू नये. घास श्वासनलिकेत जातो. ओठ व तोंड ओल्या कापसाने पुसत राहावे. त्याला खाऊ-पिऊ वाटेल तोवर मात्र आवडीचे थोडे थोडे जरूर द्यावे.

४. बोलणे बंद झाले तरी ऐकू येणे बराच वेळ टिकते, असे जाणकार सांगतात. उशाशी वाटणीची भांडणे करू नयेत. हात धरून हळू आवाजात प्रार्थना म्हणावी.

५. वाढलेल्या कर्करोगाच्या रुग्णांसाठी मुंबईत वांद्र्याला १९८६ साली ‘शांती आवेदना सदन’ सुरू झाले. भारतातले हे पहिले शुश्रूषागृह. त्याची शाखा गोव्यात लोटली येथे आहे, ती आपल्याला जवळची.

कागदपत्रांकडेही वेळेवर पाहावे. मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात. नोंदणी सक्तीची नसली तरी केलेली बरी. एका मृत्युपत्राने तीन पिढ्यांचे कोर्ट वाचते. गोव्यातील वाचकांनी तेथील वारसाहक्काचा कायदा वेगळा आहे हे लक्षात घेऊन वकिलाला विचारावे. कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली मान्य केला आणि २०२३ साली त्याची पद्धत सोपी केली. कर्नाटक सरकारनेही जानेवारी २०२५ मध्ये त्याविषयी आदेश काढला. हा कागद करताना डॉक्टरांशी बोलावे, तसेच आपल्या धर्मगुरूशीही बोलावे.

आपण रोजारीची एक फेरी पूर्ण करतो तेव्हा पवित्र मरियेला पन्नासहून अधिक वेळा विनवतो की, आमच्या मरणसमयी आमच्यासाठी प्रार्थना कर. जी घटका रोज संध्याकाळी आपण स्वतःच्या तोंडाने उच्चारतो, ती घरात आली की तिचे नाव काढायला मात्र आपण भितो. बियाणे मातीत टाकताना शेतकरी त्याचे सुतक धरीत नाही. ते पुन्हा वर येईल हे त्याला ठाऊक असते. गव्हाच्या दाण्याचा दाखला प्रभूने दिला तो शेतकऱ्याला लगेच पटावा असाच आहे.

तेव्हा या महिन्यात कबरीवर मेणबत्ती लावून घरी परतलात की, घरातल्या आजाऱ्याजवळ बसा. त्याला काय हवे ते विचारा. हवे असेल तर फादरना निरोप पाठवा. दिवसाउजेडी, तो बोलता-चालता असताना पाठवा. संत योसेफ हा चांगल्या मरणाचा आश्रयदाता. त्याला येशू आणि मरियेच्या सोबतीत मरण आले, अशी ख्रिस्तसभेची श्रद्धा आहे. तशी सोबत आपल्या घरातल्या प्रत्येकाला लाभो, हीच प्रभूचरणी प्रार्थना.