दोन पहिले सोमवार

माझ्या बहिणीचा मुलगा जर्मनीत असतो. मागे एकदा फेब्रुवारीत तो बायकोला घेऊन स्पेनच्या मायोर्का बेटावर आठ दिवस राहून आला. भूमध्य समुद्राचा किनारा. उन्हाळ्यात तिथं पाय ठेवायला जागा नसते म्हणे, पण हे गेले तेव्हा निम्मी हॉटेलं बंद आणि समुद्राचं पाणी गार. "मग केलंत तरी काय?" मी फोनवर विचारलं. "काही नाही मावशी. बदामाची झाडं फुलली होती, ती बघत हिंडायचं. उन्हात बसायचं, झोपायचं. गर्दी नसेल तेव्हाच जावं कुठंही."

हे वाक्य आमच्या ह्यांनी बरोबर उचललं. 2024 च्या मे महिन्यात ते शाळेतून निवृत्त झाले. गणिताचे मास्तर. त्याआधीच्या दिवाळीत सासूबाई गेल्या. नऊ वर्षं अंथरुणाला होत्या. आमच्या लग्नाला बत्तीस वर्षं झाली, पण दोघंच असे आम्ही कुठं गेलोच नव्हतो. गेलो ते लग्नाला, बारशाला, नाहीतर दवाखान्यात. मला विचाराल तर मला काही बघायचं नव्हतं. सकाळी कुणी हाक न मारता जाग यावी, एवढंच हवं होतं.

ह्यांना मात्र उज्जैनची वेधशाळा बघायची होती. म्हटलं, चला, तिथं जाऊन झोपू.

मग कॅलेंडर खाली उतरलं. 21 जुलैला गुरुपौर्णिमा, 5 ऑगस्टला श्रावण सुरू. मधला पंधरवडा आषाढ वद्याचा. आपल्याकडे मराठी घर असो की कानडी, या दिवसांत लग्न नाही, मुंज नाही, नवी सून माहेरी. "महाकालाला श्रावणात गर्दी, त्याच्या आधी चिटपाखरू नसणार," असं मास्तरांनी उत्तर काढलं आणि खाली दोन रेघाही मारल्या. पुण्यात नणंदेकडे गुरुपौर्णिमा आटोपून आम्ही इंदूरच्या गाडीत बसलो.

सोमवारी सकाळी उज्जैन स्टेशनावर उतरलो तर काय, माणसांचा पूर! भगवे पंचे, "जय महाकाल"चा गजर, रस्त्यांवर बांबूचे अडसर. रिक्षावाल्याला विचारलं तर तो आमच्याकडेच बघत राहिला. "अम्माजी, सावन लग गया ना! आज बाबा की पहली सवारी है।"

ह्यांचा चेहरा तेव्हा बघण्यासारखा झाला होता. फळ्यावर गणित चुकल्यावर पोरांचा होतो तसा.

त्याचं असं आहे. आपला महिना अमावास्येला संपतो, मराठी पंचांगात तसाच कानडी पंचांगातही. उत्तरेकडे तो पौर्णिमेला संपतो. शुक्ल पक्षाचं नाव दोघांचं एकच, पण कृष्ण पक्षाला नावं वेगळी. आपला आषाढ वद्य तो त्यांचा श्रावण कृष्ण. म्हणून आपण श्रावण वद्य अष्टमीला गोकुळाष्टमी करतो, तेव्हा त्यांचा भाद्रपद चालू असतो. दिवस तोच, नाव निराळं. हे ह्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. वर्गात शिकवलंय. पण कॅलेंडर आपल्या भिंतीवरचं!

आणि उज्जैनची आणखी गंमत. राणोजी शिंद्यांपासून तिथं मराठ्यांचा अंमल. मोडलेलं महाकालाचं देऊळ अठराव्या शतकात पुन्हा उभं केलं ते राणोजींचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकरांनी. त्यामुळे महाकालाची पालखी त्यांच्या श्रावणाच्या पहिल्या सोमवारी निघायला लागते ती आपला श्रावण संपेपर्यंत निघतच राहते. दोन्ही पंचांगांचा मान. त्या वर्षी सात सवाऱ्या झाल्या. म्हणजे आपल्याच माणसांनी लांबवलेल्या हंगामात आम्ही नेमके पहिल्या दिवशी!

लॉजवाल्यानं भाडं जवळजवळ दुप्पट सांगितलं. तसंही 2022 साली महाकाल लोक झाल्यापासून तिथं गर्दीला हंगाम असा उरलेला नाही म्हणतात. संध्याकाळी गोपाळ मंदिरापाशी उभे राहून सवारी बघितली. पोलिसांचं बँड, झांजा, डमरू आणि मग चांदीच्या मुखवट्याची पालखी. शिप्रेवर रामघाटाला पूजा होऊन ती या वाटेनं देवळाकडे परत जाते. हे गोपाळ मंदिर बांधलं बायजाबाई शिंद्यांनी. दौलतराव शिंद्यांच्या त्या राणी, पण माहेर कागलच्या घाटग्यांचं. निपाणी सोडून कोल्हापूरकडे निघालं की लागतं ते कागल. इतक्या लांब आपल्या वाटेवरची लेक भेटावी, मला बरं वाटलं. हे मात्र गप्पच होते. त्या दिवशी मी उपास केला. गाव सगळं उपासाला असताना शेव भुरभुरलेले पोहे एकटीनं कसे खायचे?

मंगळवारी सकाळी नऊपर्यंत झोपले. मग वेधशाळेत गेलो. गावाच्या दक्षिणेला, शिप्रेजवळ. जयपूरच्या सवाई जयसिंगानं अठराव्या शतकात बांधलेली, 1923 मध्ये माधवराव शिंद्यांनी दुरुस्त केलेली. माणूस जवळजवळ नव्हताच. जुन्या ज्योतिषात उज्जैनची रेषा म्हणजे शून्य रेखांश, आज ग्रीनिचची तशी. सारा देश जिथून वेळ मोजायचा, तिथं येऊन आमचं कॅलेंडर चुकलं होतं.

सम्राट यंत्रावर सावली पडली की वेळ कळते. पण आभाळ भरून आलेलं. सावलीच नाही. हे घड्याळ हातात धरून उन्हाची वाट बघत कट्ट्यावर बसले. मीही बसले. सासूबाई विजापूरकडच्या. भास्कराचार्य आमचे, असं त्या ठासून सांगायच्या आणि हे चाळीसगावजवळच्या पाटणच्या शिलालेखाचा दाखला द्यायचे. मायलेकांचं हे भांडण तीस वर्षं चाललं. मी तेव्हा स्वयंपाकघरातून आत-बाहेर करत असायचे आणि भांडता भांडता त्या मला म्हणायच्या, "सुम्न कुंदरवा." गप बस ग जरा. मी कधी बसले नाही.

दीड तास बसलो. ऊन आलं नाही. "आई असती तर?" हे एकदाच म्हणाले. मी म्हटलं, "विजापूर म्हणाल्या असत्या." हे हसले, आणि मग किती वेळ डोळे पुसत राहिले. नऊ वर्षांत मी ह्यांना रडताना बघितलं नव्हतं, अगदी दहाव्यालासुद्धा नाही.

पुढचे तीन दिवस रोज तिथंच जाऊन बसलो. चौथ्या दिवशी घटकाभर ऊन पडलं, सावली सरकली, ह्यांनी घड्याळ लावून बघितलं आणि समाधानानं मान हलवली.

घरी आलो आणि 5 ऑगस्टला आपला श्रावण लागला. त्या दिवशीही सोमवारच. म्हणजे माझा पुन्हा पहिला सोमवार. सकाळी हे स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे. "अगं, उपास तुझा एक झालाय ना तिकडं?" साबुदाणा मी रात्रीच भिजत घातला होता.